कृमी आणि विष : वनौषधी-वाटिकेतील कीड-रोगांचे नियमन

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात ग्राह्य औषधींची लक्षणे सांगताना आचार्यांनी कृमी व विष या दोहोंचा उल्लेख एकत्रच केला आहे. औषधी कृमींनी उपहत नसावी, तशीच ती विषानेही दूषित नसावी. आज कृमी घालविण्यासाठी विषच फवारले जाते. एक अट पाळताना दुसरी मोडते. चिकित्सालयाच्या वा फार्मसीच्या आवारात वनौषधी लावणाऱ्या वैद्यबंधूंपुढील खरा प्रश्न हाच आहे. स्वरस व चूर्ण या कल्पनांत वनस्पती जवळजवळ जशीच्या तशी रुग्णाच्या पोटात जाते. पानावर जे उरले, ते औषधासोबत दिले गेले असेच समजले पाहिजे.

निदानपरिवर्जन

चिकित्सेप्रमाणे येथेही प्रथम कारण टाळावे. पाण्याचा निचरा न होणाऱ्या जमिनीत मूळकूज व मर हे रोग बळावतात. म्हणून गादीवाफे करावेत, रोपांत मोकळे अंतर ठेवावे आणि पाणी सकाळी, मुळाशी द्यावे. लागवडीपूर्वी चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून द्यावे. अश्वगंधेच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा उपद्रव प्रत्यक्ष औषधी द्रव्यालाच होतो. तेथे आधी झेंडूचे पीक घेणे हितावह ठरते.

प्रयोज्यांगाचा विचार

कीड दिसताच फवारणी करण्यापूर्वी वनस्पतीचे कोणते अंग औषधात जाते ते पाहावे. अश्वगंधेच्या पानांवर ठिपक्यांचे भुंगेरे येतात व पानांची चाळण करतात. प्रयोज्यांग मूळ असल्याने पानांची थोडी हानी सोसता येते. पानांच्या खालील पिवळ्या अंड्यांचे पुंजके व काटेरी अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मात्र मावा खाणारे ढालकिडे याच कुळातील असून ते आपले मित्र आहेत. त्यांची पाठ चकचकीत असते, तर पाने खाणाऱ्या भुंगेऱ्याची पाठ बारीक लव असल्याने निस्तेज दिसते. ही ओळख करून घेतल्याविना वेचणी करू नये.

तुळस व अडुळसा यांचे पान हेच औषध. तुळशीवर जाळीदार पंखांचा ढेकूण रस शोषतो व शेंडे वाळतात. असे शेंडे छाटून नष्ट करावेत. एवढ्याने न भागल्यास पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. अर्धा किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून कापडातून गाळावा, एकूण द्रावण दहा लिटर करावे व थोडा साबण घालावा. फवारणी सायंकाळी करावी, कारण निंबोळीतील क्रियाशील घटक उन्हात लवकर निष्प्रभ होतो.

‘सेंद्रिय’ म्हणजे निर्विष नव्हे

येथे आम्हांस एक इशारा द्यावासा वाटतो. अनेक ठिकाणी प्रचलित असलेल्या दशपर्णी अर्कात कण्हेर, धोत्रा व रुई यांची पाने घालतात. शेतकऱ्यास ही केवळ कडू पाने असतील; वैद्यास मात्र ती उपविषे आहेत. शोधनाविना ही द्रव्ये जो पोटात देणार नाही, त्याने ती तुळशीच्या पानांवर शिंपडू नयेत. तंबाखूच्या काढ्याबद्दलही हेच म्हणता येईल. शिवाय तो काढा मित्रकीटकांनाही मारतो.

फार्मसी चालकांनी पुरवठादाराकडून माल घेताना ‘सेंद्रिय’ या शब्दावर समाधान मानू नये. काय फवारले, केव्हा फवारले आणि त्यानंतर किती दिवसांनी काढणी केली, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत व उत्तरे त्या त्या मालाच्या नोंदीस जोडावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये वनौषधींच्या लागवडीविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही अशा नोंदींवर भर आहे. स्वतःच्या वाटिकेसही हाच नियम लावावा. चार छिद्रे पडलेले पान बाजूला काढता येते. विष लागलेले पान डोळ्यांना ओळखता येत नाही.