भिंतीतली ओल आणि घराचा भाव

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत नवे प्रकल्प उभे आहेत. गिऱ्हाइकाला निवड मिळाली की जुन्या फ्लॅटचा मालक कोंडीत सापडतो. तेजीत ज्या ओलीकडे कोणी बघत नाही, तीच मंदीत पहिल्यांदा नजरेत भरते.

सिडकोतली जुनी इमारत घ्या. गच्चीच्या भेगेतून पाणी स्लॅबमध्ये झिरपते आणि सळईपर्यंत पोचते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते आणि ती काँक्रीट फोडूनच मिळते. आधी बारीक चीर, मग फुगवटा, मग छताचा तुकडा खाली. भिंतीवरचा पांढरा लोणा वेगळा. पाण्यात विरघळलेले क्षार पाणी सुकल्यावर गिलाव्यावर मागे राहतात. त्यावर नुसता रंग मारला, तर पुढच्या पावसाळ्यात त्याचे पोपडे निघतात.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले, की मालातला दोष फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर घेणारा वाईटच गृहीत धरून भाव पाडतो. त्यामुळे घाईने रंगवलेली एकच भिंत मला उघड्या ओलीपेक्षाही महागात पडणारी वाटते. संशयाची किंमत दुरुस्तीच्या खर्चाहून जास्त असते.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्यानेच बंधनकारक आहे. घर विकायला काढण्याआधी गच्चीची गळती थांबवा, ऑडिटचा अहवाल आणि दुरुस्तीची बिले घेणाऱ्यासमोर ठेवा. रंगाचे काम सगळ्यात शेवटी काढा.