पौंडाची कोथिंबीर आणि रुपयाचा गुणाकार

वधू-वर परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत परदेशस्थ मुलाच्या नावासमोर वार्षिक उत्पन्न बहुधा रुपयांत छापलेले असते. इंग्लंडमध्ये ४०,००० पौंड मिळवणारा मुलगा, पौंड ११५ रुपयांचा धरला की, ४६ लाखांचा होतो. आकडा वाचून दोन्ही घरे प्रसन्न होतात. विवाह पार पडतो, सून लेस्टरला जाते आणि पहिल्याच महिन्यात फोनवर सांगते की कोथिंबिरीची लहानशी जुडी ८० पेन्सला पडली. इकडे सासूबाई तत्काळ हिशेब करतात : ९२ रुपये! मंडईत भाजीबरोबर अनेकदा फुकट पडणाऱ्या कोथिंबिरीला ९२ रुपये मोजणारे घर टिकणार कसे, या चिंतेने त्यांना झोप येत नाही.

आनंद आणि चिंता या दोहोंचे मूळ एकाच गुणाकारात आहे. हिशेबात मुरलेल्या व्यापारी कुटुंबांतही ही चूक सर्रास आढळते, हे विशेष. वास्तविक दुकानाच्या वहीत कोणी मुंबईच्या खरेदीपुढे लातूरची विक्री लिहून नफा काढत नाही. मधले भाडे, हमाली, अडत धरावीच लागते. परदेशातील महागाई मोजताना मात्र हा विवेक सुटतो.

प्रश्न प्रथम असा विचारावा : पैसा कोणत्या चलनात मिळाला आणि कोणत्या चलनात खर्च झाला? दोन्ही पौंडातच असतील, तर रुपयाला मध्ये आणण्याचे कारण नाही. उपरोक्त ४०,००० पौंडांतून आयकर आणि राष्ट्रीय विमा वजा जाता २०२५-२६च्या दरांनी सुमारे ३२,३०० पौंड हाती येतात, म्हणजे महिन्याला २,७०० पौंडांच्या किंचित आत. निवृत्तिवेतनाची कपात निराळी. दोघांच्या शाकाहारी घराचा किराणा, दूध व भाजी मिळून महिन्याला ३०० पौंड धरली, तर तो हाती येणाऱ्या रकमेच्या सुमारे ११ टक्के होतो. पुण्यात एक लाख हाती येणाऱ्या जोडप्याने याच गोष्टींवर १५,००० खर्चले, तर ते १५ टक्के झाले. सासूबाईंना ३०० पौंड म्हणजे ३४,५०० रुपये दिसतात. सुनेला ते पुण्यातील बहिणीच्या खर्चापेक्षा हलके वाटतात. खरा भार घरभाड्याचा असतो. त्याची चौकशी मात्र परिचय मेळाव्यात क्वचितच होते.

दुधाचे उदाहरण याहून बोलके आहे. इंग्लंडच्या मोठ्या दुकानांत चार पाइंट, म्हणजे सव्वादोन लिटरांहून थोडे अधिक दूध सुमारे दीड पौंडाला मिळते. लिटरला ७५ ते ८० रुपये पडले. मुंबईत मलईयुक्त दुधाची लिटरभर पिशवी सत्तरीच्या जवळपास असते, म्हणजे केवळ रुपयांत पाहिले तरी अंतर फार नाही. आता मजुरीच्या मापाने पाहावे. एप्रिल २०२५ मध्ये तेथे एकवीस व त्याहून अधिक वर्षांच्या कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले होते. कर धरला नाही तर त्या दराने एका तासाच्या श्रमात अठरा लिटर दूध येते. आपल्याकडे आठ तासांचे पाचशे रुपये मिळवणाऱ्या मजुराची तासाची कमाई साडेबासष्ट रुपये. त्यात तीच पिशवी एकही येत नाही.

कुटुंबाचे उत्पन्न जसे वाढते तसा त्यातील अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली बेल्जियममधील कुटुंबांच्या जमाखर्चावरून मांडला. (मार्क्सचे सहकारी एंगेल्स ते हे नव्हेत.) पावणेदोनशे वर्षांत या नियमाला धक्का लागलेला नाही. २०२३-२४च्या पाहणीनुसार भारतात ग्रामीण कुटुंबाच्या मासिक उपभोग खर्चात अन्नाचा वाटा ४७.०४ टक्के आणि शहरी कुटुंबात ३९.६८ टक्के होता. अमेरिकेत खर्चयोग्य उत्पन्नाच्या तुलनेत तो सुमारे ११ टक्के आहे, आणि त्यातलाही निम्म्याहून अधिक पैसा उपाहारगृहांत जातो. दोन्हींची मोजणी अगदी एकाच पद्धतीची नाही. तथापि अंतर एवढे मोठे आहे की त्याने निष्कर्ष बदलत नाही.

याचीच दुसरी बाजू केनियात दिसते. नैरोबीत हालारी ओसवाल समाजाची भरभक्कम वस्ती आहे आणि भारतातून जाणाऱ्या नातलगांना तेथील भाजी-फळे महाग वाटत नाहीत. ‘देश स्वस्त आहे’ असा शेरा मारून पाहुणे परततात. परंतु सरासरी केनियन कुटुंबाच्या खर्चातील निम्म्याहून अधिक हिस्सा अन्नावरच जातो. त्या कुटुंबाच्या दृष्टीने तोच देश लेस्टरहून कितीतरी महाग आहे.

देशोदेशींच्या किमती तोलण्याचे शास्त्रशुद्ध काम जागतिक बँकेच्या समन्वयाने चालते. क्रयशक्तीवर आधारित त्या मोजणीत २०१७ साली अमेरिकेतील एका डॉलरच्या वस्तू-सेवांना भारतात सरासरी २०.६५ रुपये पुरत. बाजारातील विनिमय दर मात्र ६५.१२ रुपये होता. पण ही सरासरी सर्व गोष्टींची आहे. जी वस्तू जहाजात चढते तिची किंमत जगभर फारशी लांब जात नाही. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवणाऱ्या भारतात तेल स्वस्त असणार तरी कसे? स्वस्त असतात ती माणसाच्या हातांची कामे : गिरणीचे दळण, निवडून दिलेली मेथी, घरपोच येणारा किराणा. परदेशी गेलेल्या गृहिणीला महागाई जाणवते ती येथे. गव्हाचे पीठ परवडते, ताजे दळून देणारा मिळत नाही.

शिवाय टोपली कोणाची, हाही प्रश्न आहे. ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९८६ पासून चलनांचे मूल्य एका प्रसिद्ध बर्गरच्या किमतीवरून जोखण्याची गंमत सुरू केली. तो बर्गर गोमांसाचा. भारतात तो विकला जात नसल्याने कोंबडीच्या मांसाचा पर्याय घ्यावा लागला. जैन घराला दोन्ही निरुपयोगी. इतर प्रचलित तुलनांच्या याद्यांतही अंडी, मांस, बटाटे, कांदे, मद्य आणि सिगारेटही असतात. ही नावे खोडली की दूध, तांदूळ, कणीक, डाळी, फळे आणि थोड्या भाज्या उरतात. यांतील दूध, कणीक, कोरडे कडधान्य युरोपात उत्पन्नाच्या मानाने स्वस्तच आहेत. भेंडी, दोडका, कारले विमानाने येतात आणि तसे भाव सांगतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घराचा हा खर्च आपोआपच आटोक्यात राहतो. एक अदृश्य खर्च मात्र वाढतो, तो वेळेचा. भारतातल्यासारखा सक्तीचा हिरवा ठिपका तेथे नाही. पारंपरिक पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजते, काही दह्यांत जिलेटिन असते. प्रत्येक डबा उलटून वाचावा लागतो. छापील कमाल किमतीची सवयही सोडावी लागते. तोच डबा दोन दुकानांत दोन भावांना मिळतो आणि त्यात कोणालाही अन्याय वाटत नाही.

श्रीमंत देशातील लोक भावाकडे पाहत नाहीत, हा समजही चुकीचा. स्वित्झर्लंडचे नागरिक सीमा ओलांडून जर्मनीतील कॉन्स्टान्स शहरात किराणा भरतात आणि ५० युरोंहून मोठ्या पावतीवर जर्मन करही परत मिळवतात. तेथील दुकानदारांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा स्विस सरकारने करमुक्त खरेदीची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून माणशी ३०० फ्रँकवरून १५० वर आणली. परवडते म्हणून जास्त द्यावे, हे तेथेही कोणाला पटत नाही.

मग रुपयांचा गुणाकार कधीच करू नये काय? अवश्य करावा, जेथे पैसा सीमा ओलांडतो तेथे. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. हा पैसा पित्याच्या दुकानातून, रुपयांत येतो. २०२५च्या आरंभी युरो ९० रुपयांच्या जवळ होता. त्याच वर्षी त्याने शंभरी ओलांडली. बर्लिनमधील पावाचा भाव एक सेंटही वाढला नसता, तरी दहा रुपयांच्या या फरकाने पित्याचा वार्षिक भार १,१९,०४० रुपयांनी वाढला. मुलाकडे तीन महिने राहायला जाऊन स्वतःच्या ठेवींच्या व्याजातून खर्च करणाऱ्या आईवडिलांनीही भाजीच्या फळीसमोर उभे राहून खुशाल गुणाकार करावा. त्यांच्यापुरता तो बिनचूक आहे.

शिक्षणकर्जाचा हप्ता हे याचे उलटे टोक. पुण्यातील बँकेला दरमहा ४६,००० रुपये फेडायचे असतील, तर लंडनमध्ये कमावणाऱ्या मुलाला पौंड १०० रुपयांचा असताना ४६० पौंड पाठवावे लागतात. पौंड ११५ झाला की ४०० पुरतात. वाचलेल्या साठ पौंडांत ८० पेन्सच्या दराने कोथिंबिरीच्या पंच्याहत्तर जुड्या येतात. सासूबाईंना हा हिशेब अद्याप कोणी सांगितलेला नसतो.