लाखेच्या तबकडीतला आवाज

गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ साली वारले. बालगंधर्वांसारखे शिष्य घडवणाऱ्या या गवयाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांचे गाणे कसे होते, हे ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवले तेवढेच आपल्याला कळते. गौहरजान यांचा आवाज मात्र आपण आजही ऐकू शकतो, कारण नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात तो मुद्रित केला. फरक आहे तो एका तबकडीचा. अशा कित्येक गाण्यांचे मूळ धातूचे साचे आता उरलेले नाहीत. म्हणून कोणाच्या तरी माळ्यावर पडलेली तबकडी हाच त्या आवाजाचा शेवटचा पुरावा असू शकतो. ती जपायची, तर आधी ती कशाची बनली आहे हे पाहायला हवे.

जुन्या तबकडीतला बांधून ठेवणारा पदार्थ म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणारे लाखेचे किडे ही राळ स्रवतात. लाखेत दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून, तो गरम लगदा साच्यात दाबून तबकडी तयार होई. लाख उष्णतेने मऊ होते, थंड झाल्यावर कडक पण ठिसूळ होते आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. जपणुकीचे बहुतेक नियम या तीन गुणधर्मांतूनच निघतात.

तबकडी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर वाकते, हातातून निसटली तर फुटते. एकावर एक रचल्यास खालच्या तबकड्यांना वजनाने तडे जातात. म्हणून प्रत्येक तबकडी स्वच्छ कागदी पाकिटात घालून, पुस्तकासारखी सरळ उभी ठेवावी. पुसताना स्पिरिट मुळीच वापरू नये. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकून मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवावा, मधले लेबल कोरडे ठेवावे आणि लगेच टिपून घ्यावे. दमट जागी बुरशी धरते, हे कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको.

वाजवण्यानेही झीज होते. दगडाची पूड पोलादी सुईला घासते, म्हणून दर बाजूला सुई बदलत असत. पण जड ध्वनिपेटीखालची सुई खाचही खरवडते. त्यामुळे दुर्मिळ तबकडी जुन्या यंत्रावर वाजवू नये. योग्य जाडीची सुई असलेल्या हलक्या पिकअपवर ती एकदाच वाजवून संगणकावर उतरवून घ्यावी.

येथे वेगाची अडचण येते. मिनिटाला ७८ फेरे हा वेग सुरुवातीच्या काळात पक्का ठरलेला नव्हता. समजा, गाणे ७३.६ फेऱ्यांवर मुद्रित केले आहे आणि आपण ते ७८ वर वाजवले. कंप्रता त्याच प्रमाणात वाढते, म्हणजे सुमारे १.०६ पट. पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एकमध्ये ऐकू येते आणि लयही वाढते. वेग चुकला, तर गायकाचा स्वरच चुकीचा नोंदवला जातो.

वर्गात एक गणित करून पाहता येईल. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटे चालते, म्हणजे ७८ × ३ = २३४ फेरे. फेऱ्याचा सरासरी व्यास १७ सेंटिमीटर धरला, तर खाचेची लांबी सव्वाशे मीटर भरते. एवढ्या लांबीत कोठेही ओरखडा पडला, की तेथला स्वर गेला.

गाण्याबरोबर त्याची ओळखही जपायला हवी. लेबलावरील गायकाचे नाव, राग आणि क्रमांक उतरवून घ्यावेत. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेला साच्याचा क्रमांकही टिपावा. मुद्रणाचा काळ ठरवताना हाच क्रमांक बरेचदा उपयोगी पडतो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या संग्राहकांनी अशा नोंदींवर बरेच काम केले आहे.

विद्यार्थ्यांना आपापल्या घरी आणि शेजारी चौकशी करायला सांगावे. तबकडी सापडली, तर ती मागू नये; फक्त तिची नोंद करावी आणि ती उभी ठेवायला सांगावे. भंगारात जाणारा एखादा आवाज एवढ्यानेही वाचू शकतो.