लघुउद्योगाच्या संकेतस्थळासाठी होस्टिंग सेवेची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तेव्हापासूनच्या तीन दशकांत संकेतस्थळ ही केवळ मोठ्या कंपन्यांची मिरासदारी राहिलेली नाही. पैठणीचा विणकर, कोल्हापुरी चपलांचा कारागीर, कोकणातील आंबा बागायतदार असे लहान व्यावसायिकही आज स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट ग्राहकापर्यंत पोहोचतात. मात्र संकेतस्थळाच्या देखाव्यावर जितका विचार होतो, तितका ते कोठे व कोणाच्या भरवशावर ठेवले आहे यावर होत नाही. बहुतांश वेळा सर्वांत कमी दर हाच निवडीचा एकमेव निकष ठरतो आणि त्याची किंमत ऐन हंगामात मोजावी लागते. प्रस्तुत लेखात होस्टिंग सेवेच्या निवडीचे निकष स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) डोमेन नाव व होस्टिंग या संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
२) होस्टिंगच्या प्रमुख प्रकारांचा परिचय करून देणे.
३) लहान व्यावसायिकास उपयुक्त ठरतील असे निवडीचे निकष मांडणे.

संकल्पना स्पष्टीकरण :

संकेतस्थळ म्हणजे फायलींचा व माहितीसाठ्याचा संच होय. हा संच ज्या संगणकावर अहोरात्र चालू स्थितीत ठेवला जातो त्यास सर्व्हर म्हणतात आणि सर्व्हरवरील जागा भाड्याने देण्याच्या सेवेस होस्टिंग म्हणतात. डोमेन नाव हे त्या जागेकडे नेणारे नाव आहे. बाजारपेठेतील उदाहरण द्यावयाचे तर होस्टिंग हा भाड्याचा गाळा होय आणि डोमेन नाव ही दुकानाची पाटी होय. गाळा बदलला तरी पाटी तीच ठेवता येते. परंतु पाटीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर गाळा बदलणेही अवघड होते. डोमेन नावाची कायमस्वरूपी मालकी मिळत नाही. ठरावीक मुदतीने नूतनीकरण केल्यासच त्यावरील हक्क टिकतो, हेही ध्यानात घेणे आवश्यक आहे.

होस्टिंगचे प्रकार :

सामायिक होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे एकत्र नांदतात. दर कमी असतो, परंतु शेजारच्या संकेतस्थळावर गर्दी झाल्यास आपले संकेतस्थळ मंदावू शकते. व्हीपीएस म्हणजे आभासी खासगी सर्व्हर. यात एकाच यंत्राचे स्वतंत्र भाग करून प्रत्येकास ठरावीक स्मृती व प्रक्रियाशक्ती दिली जाते. समर्पित सर्व्हरमध्ये संपूर्ण यंत्र एकाच ग्राहकाचे असते. क्लाउड होस्टिंगमध्ये गरजेनुसार क्षमता वाढविता व घटविता येते आणि वापराप्रमाणे आकार द्यावा लागतो. शेवटच्या तीन प्रकारांत सर्व्हरची देखभाल बहुधा ग्राहकाकडे येते. ती जाणणारी व्यक्ती हाताशी नसल्यास देखभालीसह मिळणारी सेवा घेणे श्रेयस्कर ठरते.

निवडीचे निकष :

१) गरजेचे मोजमाप : देवगड येथील एखादा बागायतदार हापूस आंब्याची थेट विक्री करतो असे मानू. बिगरहंगामात रोज ५० ग्राहकांनी प्रत्येकी ४ पाने पाहिली आणि प्रत्येक पान २ एमबीचे असेल, तर रोजची वाहतूक ४०० एमबी व महिन्याची १२ जीबी होते. एप्रिल-मे महिन्यांत हीच संख्या रोज १,५०० झाल्यास महिन्याची वाहतूक ३६० जीबी, म्हणजे तीस पट होते. म्हणून क्षमतेचा विचार सरासरीवरून न करता अक्षय्य तृतीयेच्या आसपासच्या गर्दीवरून करावा. ‘अमर्याद’ वाहतूक देऊ करणाऱ्या योजनांतही प्रक्रियाशक्ती, स्मृती व फायलींची संख्या यांवर बंधने असतात. ती सेवेच्या अटींत नमूद असतात. जाहिरातीत आढळतीलच असे नाही. छायाचित्रांचा आकार कमी केल्यास निम्मा प्रश्न खर्चाविना सुटतो, हेही विसरू नये.

२) उपलब्धता : ९९ टक्के आणि ९९.९ टक्के या आकड्यांतील अंतर किरकोळ भासते. प्रत्यक्षात ३० दिवसांच्या महिन्यात ९९ टक्के उपलब्धता म्हणजे ७ तास १२ मिनिटे सेवा बंद, तर ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे बंद. हमी मोडल्यास सेवादाता बहुधा भाड्याच्या काही भागाची सूट देतो. बुडालेल्या विक्रीची भरपाई देत नाही. त्यामुळे रात्री-अपरात्री दूरध्वनी उचलणारा मदत कक्ष आहे किंवा नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच प्रश्न विचारून पडताळावे.

३) सर्व्हरचे स्थान : मुंबईतील सर्व्हरकडे गेलेली विनंती महाराष्ट्रातील ग्राहकाकडे काही दशांश मिलिसेकंदांत नव्हे, तरी काही दहा मिलिसेकंदांत परतते, अमेरिकेतील सर्व्हरकडून हाच प्रवास त्याच्या कितीतरी पट वेळ घेतो. एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होत असल्याने फरक जाणवतो. ग्राहक प्रामुख्याने भारतात असल्यास सर्व्हर भारतातच असावा. ग्राहक आखातात वा अमेरिकेतही असल्यास निरनिराळ्या देशांत प्रती ठेवणारी सीडीएन सेवा जोडता येते.

४) प्रतिलिपी : १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या विदा केंद्रास आग लागून एक संपूर्ण इमारत भस्मसात झाली. ज्या ग्राहकांच्या प्रतिलिपीही त्याच ठिकाणी होत्या, त्यांपैकी अनेकांची माहिती कायमची नष्ट झाली. सेवादाता रोज प्रतिलिपी घेतो एवढे उत्तर पुरेसे नाही. ती कोठे ठेवली जाते, किती दिवस ठेवली जाते आणि परत मिळविण्यास आकार पडतो काय, हे विचारावे. शिवाय एक प्रत स्वतःजवळ ठेवावी व वर्षातून एकदा तरी ती उघडून पाहावी. कधीही न तपासलेली प्रतिलिपी ही केवळ समजूत असते.

५) सुरक्षितता व कायदा : जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या संकेतस्थळावर ‘असुरक्षित’ असा शिक्का दाखवितो. यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून विनामूल्य मिळते. त्यासाठी स्वतंत्र आकारणी करणाऱ्या योजनेकडे सावधपणे पाहावे. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार विक्रेत्यास ग्राहकाच्या कार्डाचा तपशील साठविता येत नाही. म्हणून देयक स्वीकारण्याचे काम अधिकृत पेमेंट गेटवेकडे सोपवावे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार ग्राहकांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक सांभाळण्याचे दायित्व, माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर असली तरी, ती गोळा करणाऱ्या व्यावसायिकावरच राहते.

६) खरा खर्च : जाहिरातीतील दर बहुधा पहिल्या मुदतीपुरता असतो. समजा, ‘अ’ योजना पहिल्या वर्षी १,२०० रुपये व नंतर दरवर्षी ४,२०० रुपये घेते, तर ‘ब’ योजना दरवर्षी २,५०० रुपये घेते. तीन वर्षांत ‘अ’चा खर्च ९,६०० रुपये व ‘ब’चा ७,५०० रुपये होतो. स्वस्त वाटणारी योजनाच महाग ठरते. वस्तू व सेवा कर, ईमेल व प्रतिलिपी यांचा आकार यात मिळवूनच तुलना करावी.

७) स्थलांतराची सोय : याहू कंपनीने १९९९ मध्ये विकत घेतलेली जिओसिटीज ही विनामूल्य होस्टिंग सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत बंद झाली आणि असंख्य पाने स्वतःच्या पत्त्यासह नाहीशी झाली. स्वतंत्र डोमेन नाव असणाऱ्यास अशा वेळी दुसरीकडे जाता येते. म्हणून डोमेनची नोंदणी संकेतस्थळ बनविणाऱ्याच्या नावे न करता व्यावसायिकाच्या नावे, त्याच्याच ईमेलवर व दूरध्वनीवर असावी. सातबाऱ्यावर नाव कोणाचे हे जसे आपण पाहतो, तसेच येथेही पाहावे. व्यवसायाचा ईमेल त्याच सर्व्हरवर असल्यास स्थलांतरात पत्रव्यवहार खंडित होऊ नये याची योजना आधीच करावी.

निष्कर्ष :

१) लहान माहितीपर संकेतस्थळास चांगले सामायिक होस्टिंग पुरेसे ठरते, हंगामी विक्री करणाऱ्याने क्षमता वाढविता येणारी सेवा निवडावी.
२) तुलना पहिल्या वर्षाच्या दराची न करता किमान तीन वर्षांच्या एकूण खर्चाची करावी.
३) डोमेनचा ताबा व प्रतिलिपी या दोन बाबी व्यावसायिकाने कोणत्याही परिस्थितीत स्वतःच्या हाती ठेवाव्यात.

समारोप :

सेवादाता कितीही नामांकित असला तरी यंत्रे बिघडतात, कंपन्या विकल्या जातात आणि दर बदलतात. त्यामुळे कधीही न बिघडणारी सेवा शोधण्यापेक्षा, बिघाड झाल्यास व्यवसाय दुसऱ्या दिवशी दुसरीकडे उभा करता येईल अशी व्यवस्था करणे हेच शहाणपणाचे होय. ज्याच्या हाती स्वतःचे नाव व स्वतःची माहिती आहे, तो व्यावसायिक कोणत्याही एका सर्व्हरचा मिंधा राहत नाही.