मोफत वकील, पण बिनपगारी नव्हे
‘लोक अभिरक्षक’ म्हटलं की विधी शाखेची मुलं विचारतात, “म्हणजे फुकट काम?” लोक अभिरक्षक म्हणजे गरीब किंवा कोठडीतल्या आरोपीचा फौजदारी खटला लढवायला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने (मोफत कायदेशीर मदत देणारी वैधानिक यंत्रणा) पूर्णवेळ नेमलेला वकील. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना एसटीत तिकिटाचे पैसे पडत नाहीत. म्हणून चालक-वाहक काही बिनपगारी होत नाहीत. इथेही फी आरोपी देत नाही, वकिलाला दरमहा मानधन मिळतं. नेमणूक मात्र कंत्राटी, आणि खासगी वकिली बंद. या नेमणुकांच्या २०२२च्या योजनेत सहायक लोक अभिरक्षकाचं पद ० ते ३ वर्षं वकिली झालेल्यांसाठी आहे. रिमांडच्या गडबडीत, घाबरलेल्या आरोपीशी दोन मिनिटं बोलून जामिनाचे मुद्दे काढायची सवय पहिल्याच वर्षी लागते.