सड्यावरची शिल्पं शोधताना

गोव्यात पेडणे-डिचोलीतले सडे असोत वा मुरगावचा, जांभ्याचा कातळ चहूकडे सारखाच दिसतो. खुणेला झाडही नसतं. एकदा पाहिलेली कातळशिल्पाची जागा पुन्हा हाती लागावी, यासाठी जीपीएससारखा सोबती नाही. पण शोधाची सुरुवात त्याच्यापासून होत नाही.

आधी गावाला विचारा

उपग्रहचित्रात तटबंदी, तळी, जुने बांध ओळखू येतात. कातळावरची बोटभर रेघ येत नाही. डिचोलीजवळची हरवळ्याची लेणी तर जांभ्यात आडवी कोरलेली, वरून कळणार कशी? सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला बैल, हरणं, मोर आणि वर्तुळांचा चक्रव्यूह कातळावर कोरलेला आहे. अभ्यासकांना तो १९९३ मध्ये कळला, तोही गावकऱ्यांमुळे. रत्नागिरीत कातळशिल्पांचा शोध घेणाऱ्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनीही गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारतच सडे पालथे घातले. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात उसगाळीमळचीही आहेत. गावात अशा खुणा पांडवांच्या नावावर सांगितल्या जातात, म्हणून ‘पुरातन स्थळ कुठे आहे’ असं विचारू नका. ‘सड्यावर पांडवांनी काढलेलं काही आहे का’ असं विचारा, उत्तर मिळतं.

आकडे कसे लिहावेत

अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत लिहा. चौथं स्थळ सुमारे ११ मीटरचं, पाचवं एक मीटरचं. फोन मोकळ्या सड्यावरही चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो, दाट झाडीत त्याहून जास्त. म्हणून पाचव्या स्थळापुढचे आकडे निरर्थक. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट मापनावर बेतलेले आहेत, फोन डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक मापनावर चालतो. हा फरक जुळवला नाही तर गोव्यात जागा शंभर मीटरांहून अधिक सरकते.

सुई फसते तेव्हा

राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या मानवाकृतीवर होकायंत्र ठेवलं की सुई उत्तर सोडते, कातळातल्या चुंबकत्वामुळे. फोनमधला दिशादर्शक बाणही चुंबकावरच चालतो, म्हणून तोही तिथे फसू शकतो. ठिकाणाचे आकडे मात्र उपग्रहांकडून येतात, ते बिघडत नाहीत. दिशा सूर्यावरून पडताळावी.

सापडल्यावर

कोवळ्या किंवा उतरत्या उन्हात रेघांत सावली भरते, फोटो तेव्हाच घ्या. मोजपट्टी शेजारी ठेवा, खडूने मात्र रेघा गिरवू नका. नेमके आकडे समाजमाध्यमांवर टाकू नयेत, असं मला कळकळीने वाटतं. ते पणजीच्या पुरातत्त्व खात्याला आणि गावच्या पंचायतीला लेखी कळवा, आणि लवकर. शेजारी चिरेखाण सुरू झाली, तर हजारो वर्षांची रेघ चिऱ्यासोबत ट्रकमध्ये चढते.