खैतानची वायर आणि पोर्ट ४४५

कुवेत विमानतळाजवळच्या खैतानमध्ये, २००० नंतरच्या दशकात, फ्लॅटमध्ये दुसरा कॉम्प्युटर आला की एक प्रश्न हमखास उभा राहायचा. हॉलमधल्या मशीनवरचे गावाकडच्या लग्नाचे फोटो आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर कसे बघायचे? वायर जोडली, हिरवे दिवे लुकलुकले, पण एका मशीनवरून दुसऱ्याला पिंग केले, म्हणजे साद घातली, की 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. मग ठरलेला सल्ला यायचा: "फायरवॉल बंद करून टाका."

हा सल्ला घातकच होता. ऑक्टोबर २००१ च्या विंडोज एक्सपीत फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी व्यवस्था, होती, पण मुळात बंद. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (स्वतःहून पसरणारा व्हायरस) पोर्ट १३५ मधून, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारातून, शिरला आणि पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती दाखवत मशीन बंद पडू लागली. दुरुस्ती जुलैतच आली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती. पुढच्या वर्षी सॅसर हा वर्म पोर्ट ४४५ मधून आला. अखेर ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ या अपडेटने फायरवॉल सुरूच करून दिली. दार लागले आणि फोटोही अडकले.

वाट होती. फायरवॉलच्या एक्सेप्शन्समध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'वर टिक केली की टीसीपीची १३९ व ४४५ आणि यूडीपीची १३७ व १३८ ही पोर्ट उघडत. पिंगलाही उत्तर मिळे. 'चेंज स्कोप'मध्ये 'माय नेटवर्क' निवडले की बाहेरच्यांना मज्जाव. खरी गोम इथेच होती. एकच कनेक्शन तीन बिऱ्हाडांनी वाटून घेतलेले असेल, जिन्यातून वायर वर गेलेली असेल, तर राउटर सगळ्यांना १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते देतो. फायरवॉलच्या लेखी मग शेजारीही घरचेच! अशा घरासाठी 'चेंज स्कोप'मध्येच आणखी एक पर्याय होता, 'कस्टम लिस्ट': आपल्या दोन मशीनचे पत्ते कायमचे ठरवून द्यायचे आणि तेवढेच यादीत लिहायचे. दहा मिनिटांचे काम, पण ते दाखवणारे कोणी हवे.

२००७ च्या व्हिस्टापासून नेटवर्क घरचे की सार्वजनिक, हे विंडोज स्वतःच विचारू लागली. घरातल्या मशीनमध्ये फायली वाटून घेण्याची होमग्रुप ही सोय २००९ मध्ये आली, २०१८ मध्ये गेली.

मधे १२ मे २०१७ चा शुक्रवार येऊन गेला, कुवेतमधला सुटीचा दिवस. वॉनाक्राय हा वर्म त्याच पोर्ट ४४५ मधून एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर उड्या मारत जगभर पसरला. याही वेळी दुरुस्ती मार्चपासून हाताशी होती.

आता लग्नाचे फोटो फोनवरच येतात. लॅपटॉपवर 'प्रायव्हेट की पब्लिक' हा पर्याय मात्र आजही आहे. वाय-फाय शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेले असेल तर तिथे 'पब्लिक' ठेवावे आणि प्रिंटरही नेटवर्कवर न ठेवता यूएसबीच्या वायरने जोडावा.